मोठ्या बाईंना शपथेचं वावडं होतं

मोठ्या बाईंसमोर कुणी शपथ घेतली की त्यांचं तोंड कडू व्हायचं. आठवीतलं एखादं पोरगं डस्टर फेकल्याच्या आरोपावरून ऑफिसात उभं असायचं आणि गळ्याची कातडी चिमटीत धरून म्हणायचं, "आईच्यान बाई, मी न्हाई टाकला." बाई तेव्हा बहुधा कुणाची तरी पेन्सिल ब्लेडनं तासत असायच्या. पोरांच्या बोथट पेन्सिली तासून देणं हा त्यांचा बोलता बोलता करायचा उद्योग. मान वर न करता त्या म्हणायच्या, "आईला कशाला मधी वडतोस? ती बिचारी रानात भांगलतीया. तिला यातलं काय म्हाईत? तू सांग." आईचा आधार काढून घेतला की पोरगं गडबडायचं. मग खरं काय ते हळूहळू बाहेर यायचं.

माझी त्यांची पहिली भेटही याच सुरात झाली. नव्वद साल नुकतंच सरलं होतं. मी सांगलीत बी.एड. करून नोकरी शोधत होते, आणि आष्ट्याजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवायला बाई हवी होती. मुख्याध्यापिका सुमती यादव, म्हणजे साऱ्या गावाच्या मोठ्या बाई, मला म्हणाल्या, "सांगलीच्या मुली इथं जूनमध्ये येतात आणि दिवाळीच्या सुट्टीला गेल्या की परत येत नाहीत. तुम्ही राहाल?"

"राहीन बाई. मी शब्द देते."

"शब्द ठेवा तुमच्यापाशी. सोमवारी या."

मी सोमवारी गेले, आणि पुढं पुष्कळ वर्षं जात राहिले.

बाई मूळच्या उंब्रजच्या. लग्न केलं नव्हतं. आष्ट्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्या अंथरुणाला खिळलेल्या आईबरोबर राहायच्या आणि तिथून लुनावर शाळेत यायच्या. पदर खोचलेला, हँडलला रेक्झिनची पिशवी, आणि वाटेत कुणी पायी चालणारं पोर दिसलं की मागं बसवलेलं. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी, स्वच्छ. पण राग आला किंवा माया आली की थेट उंब्रज बाहेर यायचं. मुलांसमोर मी 'लिमये बाई' असे, ऑफिसात दोघीच असलो की 'नीला'.

शाळेत रोज सकाळी परिपाठ व्हायचा. राष्ट्रगीत, मग प्रतिज्ञा. एकानं ओट्यावर उभं राहून एकेक वाक्य सांगायचं, बाकीच्यांनी हात पुढं करून मागून म्हणायचं. याची सगळी व्यवस्था पी.टी.च्या शिंदे सरांकडं. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले होते. प्रतिज्ञेच्या वेळी एखाद्याचा हात जरा खाली आला तरी त्यांच्या शिट्टीचा जीव कासावीस व्हायचा.

मधल्या सुट्टीच्या चहाला बाईंचं आणि सरांचं यावरून नेहमी वाजायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, दोघं आता बोलायचे बंद होतील. पण सर रोज घरून बाईंसाठी भाजक्या शेंगा आणायचे आणि भांडण संपेपर्यंत दोघं मिळून त्या संपवायचे.

"बाई, फौजेत रायफल रोज खोलायची, रोज पुसायची, रोज जोडायची," सर म्हणायचे. "गोळी कवा चालवायला लागेल ते कुणाला ठाऊक नसतं. पण तो दिवस आला की हात अडखळत नाही. प्रतिज्ञेचं तसंच हाय."

"रायफल पुसताना तुमी तिच्याकडं बघता, सर. ही पोरं बघत्यात कुठं? मागच्या रांगेतला गणपा कावळ्याकडं बघत असतो."

"बघू दे की. म्हणतोय तर!"

"म्हणत न्हाई. नुसता सूर धरतोय. जवळ जाऊन ऐका."

बाई स्वतः जवळ जाऊन ऐकायच्या. एकदा त्यांनी सहावीच्या वर्गात जाऊन विचारलं, "प्रत्येकाशी सौजन्यानं वागायचं असं आपण रोज म्हणतो. सौजन्य म्हणजे काय?" शेवटी एक पोरगा उठला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "म्हाईत न्हाई बाई. ती आमच्या वर्गात न्हाई." त्याला ते कुणा मुलीचं नाव वाटत होतं. बाई वर्गात हसल्या नाहीत. ऑफिसात येऊन मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

त्या शनिवारपासून त्यांनी एक प्रथा पाडली. शनिवारच्या परिपाठाला प्रतिज्ञेतलं एकच वाक्य घ्यायचं आणि त्यावर बोलायचं. सगळे आपले बांधव, या वाक्याच्या शनिवारी नववीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, बांधावरनं आमचं चुलत्याशी भांडान हाय. आमी बोलत न्हाई. त्योबी बांधव काय?"

"त्योच पयला," बाई म्हणाल्या. "लांबच्याला बांधव म्हणायला काय जातंय? ज्याच्याशी बांध लागून हाय त्याला म्हणायचं, ते अवघड."

तेव्हा तरी बाई प्रतिज्ञेच्या विरुद्ध होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की देवघरातला दिवा रोज लावतात तशी ती लावावी, पण विजेचं बटण दाबल्यासारखी नव्हे. पुढं ब्याण्णवच्या हिवाळ्यात जे घडलं त्यानं त्यांचा विचार वेगळ्या वाटेला गेला.

रेश्मा मुलाणी ही सातवीतली मुलगी. तिचा बाप रहीमभाई एस.टी.वर कंडक्टर, बहुतेक वेळ आष्टा-सांगली गाडीवर असायचा. रेश्माचा आवाज घंटेसारखा होता. उच्चार इतके स्पष्ट, की पाचवीत असल्यापासून ओट्यावर उभं राहून प्रतिज्ञा सांगण्याचं काम तिच्याकडंच आलं होतं. कुणी पाहुणे आले की बाई आवर्जून म्हणायच्या, "आमच्या रेश्माचं ऐका." ती वेणी मागं टाकून ओट्यावर चढायची आणि तिच्या पहिल्या वाक्यालाच सगळं मैदान शांत व्हायचं.

त्या हिवाळ्यात दूरच्या शहरांतून दंगलींच्या बातम्या येऊ लागल्या. आमच्या गावात काहीच झालं नाही. पण दूरदर्शनच्या बातम्या सुरू झाल्या की पारावरची माणसं गप्प होत आणि संपल्या की हलक्या आवाजात बोलत. शाळा समितीचे अध्यक्ष होते तात्या. शाळेच्या मैदानाची जमीन त्यांनी दिलेली, गुऱ्हाळ सुरू झालं की पोरांना गुळाच्या ढेपा पाठवायचे. त्यांचे जावई विट्याचे. तिकडच्या अनेकांसारखं त्यांनीही दूरच्या एका शहरात सोनं गाळायचं दुकान टाकलं होतं. ते दुकान दंगलीत जळालं. जावई जिवानिशी सुटून आले, पण तात्यांच्या घरची चूल दोन दिवस धड पेटली नाही. सगळं गाव त्यांना भेटून आलं. बाईही गेल्या होत्या.

नाताळच्या सुट्टीनंतर शाळा परत सुरू झाल्यावर तात्या एके दिवशी ऑफिसात आले. मी हजेरीपट घेऊन तिथंच उभी होते. "बाई, ती मुलाण्याची पोरगी प्रतिज्ञा सांगती न्हवं?" त्यांनी विचारलं. "आता रोज तिलाच सांगू द्या. मोठ्यानं. तिच्या घरापतोर ऐकू गेलं पायजे."

बाईंच्या हातातलं ब्लेड थांबलं. "ती आधीपासनंच सांगतीया तात्या."

"व्हय. पण आता सांगणं येगळं हाय," तात्या म्हणाले आणि निघून गेले.

हे वेगळेपण मुलांना मोठ्यांच्याही आधी कळतं. मधल्या सुट्टीत दहावीच्या चार पोरांनी पाण्याच्या टाकीपाशी रेश्माला गाठलं. मारलं नाही, हातही लावला नाही. नुसतं वेढून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हण. अजून जोरात म्हण." तिनं म्हटली. "पुन्यांदा म्हण." पुन्हा म्हटली. घंटा झाल्यावर पोरं हसत निघून गेली. यातलं आम्हाला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी ओट्यावर चढली. हात पुढं केला, पहिलं वाक्य सांगितलं. सगळ्यांनी म्हटलं. आणि ती थांबली. आम्हाला वाटलं विसरली. शिंदे सरांनी खालून पुढचं वाक्य सुचवलं. तिनं सरांकडं पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. सगळी शाळा हात पुढं करून उभी. कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी आवाज चढवला, "मुलाणी! आगे बोलो!"

बाई ओट्यापाशी गेल्या. "हात खाली घ्या," त्या मुलांना म्हणाल्या. मग तिला म्हणाल्या, "ये बाळ, खाली ये." प्रतिज्ञा त्या दिवशी एका वाक्यावर राहिली. मुलं वर्गांत गेली.

ऑफिसात रेश्मा रडली नाही. बाईंनी विचारलं तेव्हा टाकीपाशी काय झालं ते तिनं सांगितलं, आणि मग म्हणाली, "आधी मी म्हणायची तवा ती माझी वाटायची, बाई. आता मी म्हणाया लागले की समदी माझ्या तोंडाकडं बघत्यात. परीक्षा असल्यावानी. मला रोज पास व्हाया लागतंय. बाकीच्यास्नी न्हाई."

बाईंनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या चार पोरांना त्यांनी काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही, पण ती पोरं बाहेर आली तेव्हा त्यांच्या माना खाली होत्या.

गावात मात्र बातमी वेगळ्याच अंगानं पसरली. मुलाण्याच्या पोरीनं प्रतिज्ञा म्हणायला नकार दिला आणि हेडबाईनं तिला पाठीशी घातलं. संध्याकाळी रहीमभाई कंडक्टरच्या खाकी कपड्यातच बाईंच्या घरी गेले. पोरीला मिरजेला बहिणीकडं ठेवतो म्हणाले. बाई म्हणाल्या, "आवं रहीमभाई, आज ती गेली तर उद्या लोक म्हणतील, बघा, पळाली. ती इथंच शिकंल."

चार दिवसांनी समितीची बैठक झाली. शिक्षकांतर्फे मी आणि शिंदे सर होतो. तात्यांनी विषय ताणला नाही. "सव्वीस जानेवारीला गाव जमंल. पोरीनं समद्यांम्होरं एकटीनं प्रतिज्ञा म्हणायची. विषय मिटला."

"म्हणंल की," बाई म्हणाल्या. "पण मग समद्यांनीच एकेकट्यानं म्हणू. पयले तुमी, मागनं मी."

तात्या ताडकन उभे राहिले. "मी? माझ्यावर काय संशय हाय तुमचा?"

"बसा तात्या. मी नुसतं म्हणा म्हटलं. तेवढ्यानं तुमच्या अंगाची आग झाली. ती तर लेकरू हाय."

तात्या खाली बसले, पण त्यांचा श्वास मोठ्यानं येत होता. "माझ्या जावयाचं दुकान जळलं, बाई. बारा वर्षांची मेहनत. राख झाली."

"मला ठाऊक हाय. लय वाईट झालं." बाईंचा आवाज एकदम खाली आला. "पण ते रेश्मानं जाळलं न्हाई. तिच्या बानंबी न्हाई. त्यो त्या दिवशी सांगलीच्या गाडीत तुमालाच तिकीट फाडून देत हुता."

तात्यांनी मान फिरवली आणि शिंदे सरांना म्हणाले, "सर, तुमी फौजेतलं. तुमीच सांगा काय ते."

मला वाटलं, आता बाई हरल्या. रोजच्या चहाला सरांनी कोणती बाजू घेतली होती ते मी ऐकत आले होते. सर उठले, सवयीनं ताठ उभे राहिले. "तात्या, प्रतिज्ञा रोज म्हणावी. माझं मत आजबी तेच हाय. पण फौजेत आमची कसम परेड झाली ती एकदाच, अन् ती समद्या फलटणीनं मिळून. त्यानंतर कुणी कवा इचारलं न्हाई की गड्या, अजून इमानदार हायस का? एकट्या जवानाला रांगेतनं बाहेर काढून काय करायला लावत्यात, तर सजा. ह्या पोरीनं असा काय गुन्हा केलाय?"

बैठक तिथंच संपली, निर्णय काहीच झाला नाही.

सव्वीस जानेवारीला ओट्यावर कुणीच चढलं नाही. बाईंनी खालूनच सांगितलं, "आज आपण सगळे मिळून म्हणू. कुणी सांगायचं नाही, कुणी मागून म्हणायचं नाही. ज्याला आज म्हणावंसं वाटत नसेल त्यानं शांत उभं राहावं. त्याला कुणी विचारणार नाही." आधी गोंधळ झाला, कुणी पुढं गेलं, कुणी मागं राहिलं, मग हळूहळू आवाज एकमेकांना सापडले. रेश्मा मैत्रिणींमध्ये उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते. तात्या झेंड्याजवळच्या खुर्चीत बसून होते. त्यांनी प्रतिज्ञा म्हटली की नाही ते मी पाहिलं नाही.

तीच पद्धत पुढं चालू राहिली. कुणीतरी वर तक्रार केली. तात्यांनीच केली असं सगळे म्हणत, मला खात्री नाही. जिल्हाभर शाळा चालवणाऱ्या आमच्या संस्थेचे दोन पदाधिकारी चौकशीला आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक मूल रोज प्रतिज्ञा म्हणेल एवढं बाईंनी लिहून द्यावं, म्हणजे प्रकरण बंद. माणसं सज्जन होती, त्यांना बाईंना त्रास द्यायचा नव्हता. "शाळेत प्रतिज्ञा रोज होते आणि होईल," बाई म्हणाल्या. "पण एखादं लेकरू गप्प राहिलं तर त्याच्याकडून मी ती वदवून घेईन, असं मी लिहून देणार नाही. वदवून घेतलेलं प्रेम कुठल्या देशाला पुरलंय?"

जूनमध्ये बाईंची बदली जतच्या बाजूला, पार कर्नाटकाच्या शिवेजवळ झाली. आईला तिकडं नेणं शक्य नव्हतं. तिला त्यांनी उंब्रजला भावाकडं पोचवलं. ती पुढच्या वर्षी गेली तेव्हा बाई जतकडच्या शाळेत होत्या आणि निरोप मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी रेश्मा ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, माझ्यामुळं तुमाला..."

"तुझ्यामुळं न्हाई." बाईंनी तिला जवळ ओढलं. "चूक माझी हुती. पाहुणं आलं की मी तुला वर चढवायची. मलाच बरं वाटायचं, बघा आमची शाळा कशी हाय ते. आवाज तर सुतारांच्या शैलालाबी हाय. पण मी तुलाच चढवायची. तात्यांच्या आधी मीच तुला रांगेतनं बाहेर काढलं हुतं, बाळ. मला ते तवा कळलं न्हाई."

मी तिथंच कपाटातली पुस्तकं बांधत होते. इतकी वर्षं झाली, पण या वाक्याइतकं मला कुणी काही शिकवलेलं नाही. वाईट माणसानं वाईट हेतूनं केलेलं आपल्याला चटकन दिसतं. आपण कौतुकानं केलेलं तेच असू शकतं, हे कळायला बाईंसारखं मन लागतं.

मी एकदा त्यांना भेटायला जतकडं गेले होते. कुसळांचं माळरान, दोन खोल्यांची शाळा, निम्मी मुलं घरी कानडी बोलणारी. काहींचे बाप मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर. बाई वाळल्या होत्या, पण मजेत होत्या. "नीला, इथं मी आधी बांधवाला कानडीत काय म्हणतात ते इचारलं. पोरं म्हणाली, अण्णा-तम्मा. थोरलाबी आला, धाकटाबी आला. आपल्यापेक्षा बरं हाय की!" मी विचारलं, इथं प्रतिज्ञा होते का? "व्हती. मीच म्हणते, रोज. पोरं हळूहळू येतात मागनं. घाई काय हाय?"

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा बाई निवृत्त होऊन उंब्रजला परतल्या आणि वर्षाच्या आतच पोटाच्या दुखण्यानं गेल्या. तेराव्याला आम्ही तिघं गेलो. मी, शिंदे सर आणि रेश्मा. ती आता सांगलीत डी.एड. करत होती. येताना कराडला गाडी बदलून आम्ही एस.टी.च्या मागच्या बाकावर बसलो. सर थकले होते, कान कमी झाले होते. गाडी सुटल्यावर ते म्हणाले, "बाईंचं माझं भांडण मिटलंच न्हाई. मी अजून म्हणतो, रोज म्हणावी." आणि रेश्माकडं वळून त्यांनी विचारलं, "तू आता मास्तरीण होणार. तुझ्या शाळेत काय करशील?"

बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आमची गाडी तिच्या मागं मागं चालली होती.

"म्हणेन सर," ती म्हणाली. "मला येते ती. मनापासून येते. पण म्हणताना मी डोळे मिटून घेईन. कोण म्हणतंय आणि कोण नाही, ते मला दिसायला नको."

सरांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ते वाक्य त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.